सैल हूक

दि. १२ जून

चि. सुतभर हिस,

काल, म्हणजे बुधवार, ११ जून रोजी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तू माझ्या घरातून चोरी केलीस. वेळ अचूक आहे. त्या वेळी मी फोनवर बँकेतल्या एका मठ्ठ माणसाशी भांडत होते आणि तू दारातूनच "काकू, निघते गं, बस चुकेल," असं ओरडून पळालीस. माझी पाठ तुझ्याकडे होती. चोराला लागते तशी.

दुपारी कामाच्या खोलीत गेले. दारामागच्या खिळ्यावर तुझ्या काकांची टेप नव्हती. तिच्या जागी पिवळ्याधमक रंगाची, रबर चढवलेली, बेडकासारखी फुगलेली एक नवी टेप लटकत होती. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. तुला वाटलं म्हातारीला काय कळतंय, तिला टेप दिसली की झालं. अगं, मी दवाखान्याच्या औषधखात्यात एकतीस वर्षं काढली. बाटलीतली एक गोळी बदलली तरी मला दुरून कळायचं.

ती टेप त्यांच्या हातात तेवीस वर्षं होती. तिच्या एका बाजूचा रंग त्यांच्या अंगठ्याने गेला होता आणि आतलं पत्र्याचं अंग चकचकीत झालं होतं. त्या चकचकीत जागेवर मी रोज सकाळी माझा अंगठा ठेवत होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुलाही सांगायचं नव्हतं, पण तू मला सांगायला लावलंस.

त्यांना जाऊन आठ महिने झाले. हत्यारं सगळी तू ने, मीच म्हटलं होतं. रंधे, पटाश्या, गुण्या, सगळं. टेप त्यात नव्हती. साइटवर चाळीस माणसांना कामाला लावणाऱ्या बाईला "सगळं" या शब्दाचा अर्थ विचारून घेता येत नाही का?

टेप परत पाठव. आणि फोन करू नकोस. फोनवर तू नुसती हं हं करतेस.

काकू

---

दि. १७ जून

प्रिय काकू,

तुझं पत्र वाचताना मी आपोआप सरळ उभी राहिले. शेजारी गवंडी होता, तो म्हणाला, "मॅडम, नोटीस आली का?" मी म्हटलं, "त्याहून वाईट. काकू."

चूक माझीच. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. मला काकांचं असं काहीतरी हवं होतं जे रोज कमरेला राहील. रंधा कमरेला लावता येत नाही. मला सुतभर म्हणणारं आता कोणी उरलं नाही, तू सोडून, आणि तूही फक्त रागावलीस की म्हणतेस. इंचाचा आठवा भाग ही काय हाक झाली, असं लहानपणी वाटायचं. आता ती ऐकायला शिव्या खाव्या लागतात.

पण बेडूक म्हणू नकोस. ती टेप मी शोधून घेतली आहे. दुकानात पाच टेपा काउंटरवर मांडल्या, पर्समधून माझी स्टीलची पट्टी काढली आणि प्रत्येक टेप तिच्याशी ताडून पाहिली. दुकानदार म्हणाला, "ताई, टेप घेताय की जावई?" मी म्हटलं, जावई चुकला तर एकाच घराचं नुकसान.

पाच मीटरची आहे. काकांचंच सांगणं होतं: खोलीतल्या कामाला पाच, साइटला आठ, आणि एका कामाला एकच टेप, पहिल्या मापापासून शेवटच्यापर्यंत. पत्ती अंगठ्याएवढी रुंद आहे, म्हणजे दोन मीटर हवेत काढली तरी मोडून पडत नाही, एकट्या माणसाला पलीकडे धरायला कोणी लागत नाही. पत्तीच्या सुरुवातीला लंबगोलात दोनचा रोमन आकडा छापलेला आहे, तो अचूकपणाचा दर्जा. पत्तीला चकाकी नाही, उन्हात आकडे दिसतात. आणि टोकाचा हूक मी सगळ्यांत आधी पाहिला. तो किंचित सैल असायला हवा, जेवढी त्याची स्वतःची जाडी तेवढाच. फळीच्या कडेला अडकवला की तेवढा बाहेर सरकतो, भिंतीला टेकवला की तेवढा आत. म्हणून दोन्हीकडे माप खरं येतं.

काकांच्या टेपचा हूक हलत नाही, बहुतेक गंजून बसलाय. पहिल्याच दिवशी तिने मला फसवलं. खिडकीची चौकट आतून मोजली, लाकूड कापलं, बसवलं, तर एका अंगाला मिलिमीटरची फट. तेव्हा ती मापाला नाहीच वापरणार, नुसती जवळ ठेवीन. नवी तुझ्याकडे राहू दे. कधी पडदा मोजायला लागलाच तर खरं माप देईल.

रागावू नकोस ना.

तुझी सुतभर

---

दि. २१ जून

चि. सुतभर,

गंज? माझ्या घरात? माझ्या घरात दाराच्या कडीलाही कधी गंज चढला नाही. ज्या बाईने एकतीस वर्षं तराजूची पारडी स्वतः पुसली, तिच्या घरातल्या वस्तूला तू गंजलेली म्हणतेस!

तो हूक गंजलेला नाही. तो मी पक्का केला आहे.

होय, मी. चार वर्षं झाली. तुझे काका टेप जेवायच्या टेबलावर ठेवून आंघोळीला गेले होते. मी उचलली तर टोकाचा तो तुकडा खुळखुळ हलत होता, पडायला आलेल्या दातासारखा. मला वाटलं, पाहा, सगळ्या गावाची दारं-खिडक्या नीट करतील आणि स्वतःच्या टेपकडे लक्ष नाही. कॉन्व्हेंटात आम्हाला सिस्टर सांगायच्या, मुलीचं सैल बटण म्हणजे सैल मन. सैल दिसलं की हात आपोआप जातो, त्याला मी काय करणार? त्या दोन बारीक रिव्हेटांवर चिकटवायच्या डिंकाचे दोन थेंब सोडले आणि हातोडीने हलकेच ठोकलं. पाच मिनिटांचं काम. मग पुसून होती तशी ठेवली. सांगितलंही नाही. उपकार बोलून दाखवायची मला सवय नाही.

आता तू म्हणतेस सैल असायलाच हवा होता. तुमच्या धंद्यात काहीही खपतं. माझ्या तराजूचा काटा सैल असता तर माणसं मेली असती.

आणि एक सांग. ती टेप आत सोडली की दोन आवाज व्हायचे. पत्ती सर्रकन जायची तो एक, आणि मागून तो सैल हूक वाजायचा, बारीक, टिक्. मी पक्का केल्यापासून टिक् बंद झाली होती. तू टेप नेल्यापासून दुपारी चारच्या सुमाराला कामाच्या खोलीतून आवाज येतो. सर्र, आणि मग टिक्. मी दोनदा जाऊन पाहिलं. तुझी पिवळी टेप खिळ्यावर आहे, पत्ती आत आहे, खिडकी लावलेली आहे. टेबल मोकळं. मला भास होत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. माझे कान तपासलेले आहेत.

टेप अजून आलेली नाही.

काकू

---

दि. २४ जून

प्रिय काकू,

पत्र मिळालं. कळलं.

हूक पक्का होता की सैल, आता काही फरक पडत नाही. त्याचा विचार करू नकोस. खिडकी बहुतेक नीट लागत नसेल, बिजागरी पाहायला मी पुढच्या महिन्यात येते. टेप पाठवायला जमलं नाही, काम फार आहे.

गोळ्या वेळेवर घे.

सु.

---

दि. २ जुलै

चि. सुतभर,

तुझं पत्र सहा ओळींचं होतं. तू पहिलीत होतीस तेव्हापासून मला कधी सहा ओळींचं पत्र लिहिलं नाहीस. लहानपणी फुलदाणी फोडलीस तेव्हाही अशीच कमी बोलली होतीस. विषय बदलून माझ्या गोळ्यांवर आलीस, तेव्हाच मी उठले.

तुझी नवी टेप घेतली. एक लाकडाचा तुकडा आधी कडेला हूक अडकवून मोजला. मग तोच तुकडा भिंतीला लावला आणि हूक भिंतीला टेकवून मोजला. दोन्ही वेळा तीनशे बारा. हूक माझ्या डोळ्यांदेखत एकदा बाहेर आला, एकदा आत गेला. मग मी त्यावर बोट दाबून धरलं, हलू दिला नाही, आणि पुन्हा मोजलं. एक मिलिमीटर चुकला.

मी स्टुलावर बसले. 

तुला आठवतं, त्यांच्या फळीच्या कडेला, फळी आणि कपाटाची बाजू यांच्या मध्ये, पोस्टकार्ड जायचं नाही. कपाट झालं की गिऱ्हाइकासमोर खिशातून पोस्टकार्ड काढायचे आणि म्हणायचे, "घालून दाखवा." कुणालाच जमायचं नाही. ती त्यांची एकमेव बढाई. मग एके दिवशी ते कार्ड आत गेलं. मी पाहत होते. त्यांनी कार्ड बाहेर काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. गिऱ्हाईक हसलं, म्हणालं, "वय झालं, मिस्तरी!" तेही हसले. घरी आल्यावर कार्ड खिशातून काढून फाडून टाकलं.

मग त्यांनी लाकडाचा दुकानदार बदलला. म्हणाले, माल ओला असतो, नंतर आकसतो. मग करवतीचं पातं बदललं. मग चष्मा, तोही दोनदा. मीच नेलं होतं डॉक्टरकडे, आणि रस्ताभर बोलत होते, वेळेवर तपासत नाही तुम्ही, स्वतःकडे लक्ष नाही.  शेवटी घरी एकदा त्यांनी हात माझ्यासमोर धरले, पालथे, मग उताणे, आणि म्हणाले, "बघ गं, थरथरतात का?" मी म्हटलं, साठी उलटली, थोडं होणारच. थरथरत नव्हते. मी नीट पाहिलंच नाही. मी भाजी निवडत होते.

सगळं बदललं, टेप सोडून. इतकी वर्षं जिने कधी दगा दिला नाही तिच्यावर कोण संशय घेईल? रोज सकाळी तराजूचा काटा शून्यावर आहे का हे पाहिल्याशिवाय मी एक पुडी बांधली नाही. आणि त्यांचं शून्य मी डिंक लावून चिकटवून टाकलं.

काल आणि परवा दोन्ही दुपारी मी घर मोजलं. टेपांवर आता माझा विश्वास नाही. जुन्या पोस्टकार्डांची चाळीसची थप्पी केली, ती स्टीलच्या पट्टीवर बरोबर दहा मिलिमीटर भरली, म्हणजे चार कार्डांचा एक. मग प्रत्येक फळीच्या कडेला घालून पाहिली. दिवाणखान्यातलं पुस्तकांचं कपाट, हूक पक्का करण्याआधीचं: एकही कार्ड जात नाही. माझं कपड्यांचं कपाट, त्याही आधीचं: एकही नाही. स्वयंपाकघरातलं कपाट, पाच महिन्यांनंतरचं, नऊ फळ्या. चार कार्डं. चार. चार. नऊच्या नऊ वेळा चार.

मी एका फळीवरून दुसरीकडे जात होते तेव्हा तो आवाज माझ्या मागून येत होता. सर्र, टिक्. मी वळून पाहिलं नाही. मला वाटलं, तेही मोजतायत.

मला एवढंच सांग. त्यांना कळलं होतं का? हात गेले असं समजून त्यांनी काम सोडलं. जाताना तरी त्यांना ठाऊक होतं का, की चुकलेले हात त्यांचे नव्हते, माझे होते?

काकू

---

दि. ९ जुलै

प्रिय काकू,

आधी एक ग्लास पाणी पी आणि बस. मग वाच.

काकांना कळलं होतं. चौथ्याच दिवशी. काकांसारखा माणूस टेपचा हूक हलत नाही हे ओळखणार नाही, असं तुला वाटलं तरी कसं? मला स्वतः म्हणाले होते, "तुझ्या काकूने माझ्या टेपला शिस्त लावली." आणि खो खो हसले. मी म्हटलं, काढून देऊ का रिव्हेट? तर म्हणाले, "नको. तिने एवढ्या मनापासून ठोकलंय, राहू दे." दुसरी टेप आणली, ती खिशात असायची. सगळं काम त्यावर व्हायचं. तू ठोकलेली नुसती कमरेला, शोभेला.

फटी पडत होत्या त्या हातांमुळेच. मलाही दिसत होतं. कधी दोन मिलिमीटर, कधी काहीच नाही, कधी एका टोकाला जास्त. वयाने होतं, काकू, त्यात कोणाचा दोष नाही. माझ्या घरी ते शेवटचं कपाट करायला आले, भिंतीतलं, अकरा फळ्यांचं, तेव्हा ते थकलेले होते पण मजेत होते. दुपारी जेवताना माझ्या नवऱ्याला चिडवत होते की तुमच्या भिंतींना ओळंबा दाखवला तर तो लाजेल. काम झाल्यावर म्हणाले, "पुरे आता." एवढंच. वाईट वाटून नाही. माणूस पोट भरल्यावर म्हणतो तसं.

तेव्हा आता मोजणं बंद कर. ती कार्डं टाकून दे. मी २० तारखेला, रविवारी येते, तुला चार दिवस इकडे घेऊन येते. कामाची खोली कुलूप लावून ठेवू.

तुझी,
सुतभर

---

दि. १४ जुलै

चि. सुतभर,

पाणी प्यायले. बसले. वाचलं. पुन्हा वाचलं.

"टेपला शिस्त लावली" हे वाक्य हुबेहूब त्यांचं आहे. त्या वाक्यासाठी मी तुझं सगळं पत्र खरं मानायला निघाले होते. सकाळभर मी तुझ्यावर विश्वास ठेवून घरात वावरले. हलकं वाटलं, खोटं बोलत नाही. दोन घास जास्त जेवले. आवाजही आला नाही.

मग दुपारी भांडी ठेवायला स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं.

मुली, तू चांगली कारागीर आहेस, पण तू औषधखात्यात काम केलेलं नाहीस. दमलेला माणूस पुड्या बांधताना चुकतो तेव्हा एकदा जास्त घालतो, एकदा कमी, एकदा बरोबर. आणि काटा बिघडलेला असला की प्रत्येक पुडी सारखीच चुकते. एकतीस वर्षांत याला एकही अपवाद पाहिला नाही. थरथरता हात सारखी चूक करत नाही. नऊ फळ्या, नऊ वेळा चार कार्डं. ते कपाट हूक पक्का केल्यानंतर पाच महिन्यांनी झालं, आणि ते त्याच टेपने झालं. खिशात दुसरी टेप होती ना? ती कुठे आहे मग? त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे मी स्वतः रिकामे करून धुतले. पेन्सिल निघायची, पोस्टकार्ड निघायचं. टेप एकदाही नाही.

आणि तुला हुकाचं आधीपासून ठाऊक होतं, तर जूनमध्ये 'गंज' कशाला लिहिलंस? तू खोटं बोललीस. मायेने बोललीस हे मला समजतं. तुझ्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं, आणि तुझ्यापेक्षा नीट केलं असतं. पण मला दया नको. मी आयुष्यात कुणाला चुकीचं औषध गोड सरबतात मिसळून दिलं नाही आणि घेणारही नाही.

चौथ्या दिवशी कळलं नाही, हे सिद्ध झालं. प्रश्न उरतो तो एवढाच, की कधीतरी कळलं का. त्याचं उत्तर तुझ्या घरात, तुझ्या भिंतीत आहे. ते कपाट त्यांचं शेवटचं. ते फळ्या एकेक करून मोजायचे, कापायचे, बसवायचे, आणि प्रत्येक फळीला खालच्या बाजूने पेन्सिलीने क्रमांक घालायचे, ज्या क्रमाने केली त्या क्रमाने. तुझ्या फळ्यांनाही असणार. पाठीवर झोप आणि खालून बघ.

सोबत चार पोस्टकार्डं पाठवली आहेत, माझ्या थप्पीतलीच. एक ते अकरा, प्रत्येक फळीच्या कडेला किती कार्डं जातात ते पाहा. पहिल्यापासून शेवटपर्यंत चार असतील, तर त्यांना कधीच कळलं नाही, आणि ते स्वतःच्या हातांना दोष देत गेले. मध्येच कुठे चारची शून्य झाली असतील, तर त्या फळीपाशी त्यांना कळलं. त्यांनी हूक पाहिला, कुणी ठोकलाय ते ओळखलं, पुढच्या फळ्या हिशोब करून बरोबर कापल्या, घरी आले, माझ्या हातचं जेवले, आणि मरेपर्यंत मला एका शब्दाने बोलले नाहीत. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण दोन्हींपैकी एक खरं आहे, आणि जे खरं आहे त्याच्याबरोबर मी राहीन. तू बनवलेल्या तिसऱ्या गोष्टीबरोबर राहणार नाही.

रविवारी येऊ नकोस. कुलूप वगैरे काही लागणार नाही, खोली उघडीच राहील. दुपारी चार वाजता मी तिथे बसते. आवाज आला तर येऊ दे.

फोन चालणार नाही, निरोप चालणार नाही. अकरा आकडे, एकाखाली एक, तुझ्या हाताने कागदावर लिहून, खाली सही करून पाठव. आकड्यांखेरीज एक अक्षर लिहू नकोस, समजूत घालणारं तर मुळीच नाही. गुरुवार, ३१ जुलै, दुपारच्या टपालापर्यंत कागद माझ्या हातात पडला पाहिजे. पडला नाही, तर शुक्रवारी सकाळच्या पहिल्या बसने मी येते आणि तुझ्या कपाटाखाली स्वतः झोपते.

काकू